मागणी आठची, गरज दोनची

३ ऑगस्ट २०१४, रविवार. सकाळी ७.१०

कंपनीने निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि तीन कोऱ्या डायऱ्या दिल्या होत्या. त्यातली पहिली आज उघडली. स्टोअर्स विभागात बत्तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मला कुणी काहीही विचारलेलं नाही. नाही म्हणायला हेमानं एकदा विचारलं, तुम्ही आता रोज दिवसभर घरीच असणार का.

पण आज तेजूनं विचारलं! तेजस्विनी, आमची एकुलती एक, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. चहा घेताना म्हणाली, बाबा, या सेमिस्टरला अख्ख्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचंय, घरचा कॉम्प्युटर झेपवत नाही, लॅपटॉप घ्यावा लागेल. कॉलेजनं लिहून दिलंय, रॅम किमान आठ जीबी हवी. ऑक्टोबरमध्ये ज्यूरी आहे, बाहेरच्या परीक्षकांसमोर काम मांडायचं. तुम्ही बघाल का?

तुम्ही बघाल का! याआधी तिनं माझा सल्ला घेतला तो आठवीत, सायकलच्या घंटीबाबत. मधल्या सात वर्षांत बहुधा गरज पडली नसावी.

संकल्प : आठ दिवसांत निर्णय. अंदाजपंचे काही नाही. आकडेवारीनिशी.

५ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ३

कॉलेजचा कागद तीनदा वाचला. 'मिनिमम ८ जीबी.' खाली प्राचार्यांची सही.

माणूस खरी गरज कधीच लिहीत नाही, हे मी बत्तीस वर्षांत शिकलो. मशीन शॉपला वीस बेअरिंग हवी असली की मागणीपत्रावर चाळीस यायची. कारण त्यांना माहीत असायचं, श्रीनिवास बोकील निम्मी कापणार. आणि मी निम्मी कापायचो, कारण मला माहीत असायचं, यांनी दुप्पट लिहिलीत. कुणाची तक्रार नाही. कारखाना याच्यावरच चालला. ज्यांना खरोखर चाळीस हवी असायची त्यांनी ऐंशी लिहावीत, ही साधी रीत.

आता कॉलेजनं आठ लिहिलंय. म्हणजे त्यांना चार हवी. पण चार हा आकडा त्यांना कुणी दिला? सॉफ्टवेअर कंपनीनं. ती काय कमी लिहील? तिथेही निम्मं. म्हणजे दोन.

उत्तर पाच मिनिटांत आलं. तरी पुराव्याशिवाय बोलायचं नाही.

(टीप : १९९१ साली आमच्या स्टोअर्समध्ये पहिला कॉम्प्युटर आला. रॅम सहाशे चाळीस केबी. त्यात साडेअकरा हजार सुटे भाग मावले. म्हणजे अख्खा कारखाना. आणि इथे एक घर काढायला आठ जीबी?)

८ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून प्रत्यक्ष मोजणी. घरच्या कॉम्प्युटरमध्ये दोन जीबी आहे. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबलं की एक तक्ता येतो. कुठला प्रोग्रॅम किती रॅम खातोय ते त्यात दिसतं. म्हणजे आपलं आवक-जावक रजिस्टरच. बिल्डिंगमध्ये इतके आयटीवाले आहेत, एकानं कधी सांगितलं नाही.

फूटपट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, वापर, शेरा, वापरकर्त्याची सही. दर अर्ध्या तासाला नोंद. तेजू काम करत असताना मी मागून वाकून आकडा घेतो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तो तक्ता उघडला की माझं चित्र अडकतं. मी म्हटलं, दोनच मिनिटं.

१० ऑगस्ट, रविवार. राखीपौर्णिमा

साईनाथ आला होता. हेमाचा धाकटा भाऊ, हिंजवडीत आयटी कंपनीत. नारळीभाताचं दुसरं वाढप घेताना म्हणाला, भाऊजी, आठ घ्या आणि मोकळे व्हा. एवढं काय त्यात.

हेच ते. या पिढीला 'एवढं काय त्यात' सोडून दुसरं वाक्य येत नाही. मी रजिस्टर दाखवलं. तो म्हणाला, पण या मशीनमध्ये मुळात दोनच जीबी आहे. हजार लिटरच्या टाकीत दीड हजार लिटर पाणी कसं दिसेल? मी म्हटलं, टाकी अजून ओसंडलेली नाही, हाच माझा मुद्दा आहे. तो हसला. निरुत्तर झाला की माणूस हसतो.

मग त्यानं हेमाला रॅम म्हणजे काय ते सांगितलं. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, सामान ठेवायचं. रॅम म्हणजे ओटा. जे करायचं ते ओट्यावर काढून करायचं. हेमा म्हणाली, मग ओटा मोठाच हवा की. हिला चार ओळींत कळलं असं तिला वाटतं. विषय खोल आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

पाच दिवस झाले. दोनशे चाळीस नोंदी. रात्रीच्या नोंदींसाठी उठावं लागलं नाही. कॉम्प्युटर बंद असतो, वापर शून्य. ती शून्यं मी सकाळी बसल्या जागी भरतो.

तेजूच्या सह्या : पहिल्या दिवशी पूर्ण नाव, दुसऱ्या दिवशी आद्याक्षरं, तिसऱ्या दिवसापासून नुसती रेघ. शिस्त ढासळते ती अशी.

सरासरी वापर ०.४१ जीबी.

पुन्हा बेरीज केली. ०.४१च. म्हणजे अर्धा जीबीसुद्धा नाही! आणि मागणी आठची. सुरक्षित साठा म्हणून दुप्पट धरू, ०.८२. सणासुदीचा जादा भार धरून एक. आणि तेजू आपली मुलगी म्हणून त्याचेही दोन. बापाचं मन आहे शेवटी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अहवाल हेमाला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ती झोपलेली असतानाचे तास पण धरले का? मी म्हटलं, अर्थात, चोवीस तासांची सरासरी. तर म्हणाली, त्या हिशेबानं आपल्याला गॅसचा एक बर्नरही लागत नाही, आणि बाथरूम तर दिवसाचे एकवीस तास रिकामंच असतं, काढून टाकू या.

बायकांना संख्याशास्त्र शिकवत नाहीत, त्याचे परिणाम.

२० ऑगस्ट, बुधवार

(आठ दिवसांचा संकल्प होता. सतरा झाले. पण सतरा हे आठाच्या दुपटीहून फक्त एकानं जास्त आहेत.)

बाजारपाहणी. टिळक रोडवरचं एक दुकान. मालक श्यामराव, साठीचे, काउंटरमागे वर्तमानपत्र वाचत बसलेले. एकतीस प्रश्न लिहून नेले होते. अकराव्या प्रश्नाला त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. आता लक्ष देतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, आपल्याला लॅपटॉप घ्यायचाय की त्याच्यावर पीएचडी करायचीय? एक वाजायला पाच मिनिटं होती. शटर अर्धं खाली घेतलं. उरलेले वीस प्रश्न मी वाकून विचारले.

अनुभवी विक्रेत्याला जाणकार गिऱ्हाईक आवडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

तेजूनं पुन्हा विचारलं, बाबा, कधी घेताय. मी म्हटलं, अंतिम टप्पा. तिनं अहवाल चाळला. म्हणाली, बाबा, खरंच आठ लागते हो. मी विचारलं, खरी गरज सांग. ती म्हणाली, तीच सांगतेय. मी मनातल्या मनात निम्मी केली.

तिला मी रीत समजावून सांगितली. खरोखर आठ हवी असेल तर सोळा मागायला हवी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मुद्दा तिच्या लक्षात आला असावा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. गणेश चतुर्थी

गणपती आले. आता दहा दिवस काही नाही. सोसायटीच्या मंडळाचा नारळ आणि हार यांचा साठा माझ्याकडे दिलाय. मंडळानं एकशे वीस हार मागितले होते, मी साठ आणले. चौथ्या दिवशी कमी पडतील असं म्हणतात. बघू.

तेजूची मैत्रीण नम्रता दर्शनाला आली होती. यवतमाळ जिल्ह्यातली, दिग्रसची. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहते. तेजूच्याच वर्गात. तिच्या पाठीवर लॅपटॉप. मी सहज विचारलं, किती रॅम? म्हणाली, आठ. मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेली मुलं, दुकानदार सहज फसवतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती गेले (हार तिसऱ्याच दिवशी संपले. मंडळाच्या नियोजनात दोष). आता लगेच लॅपटॉप, असं कालपर्यंत पक्कं होतं. पण आज पितृपक्ष लागला. नवी खरेदी नको. माझा यावर विश्वास नाही. पण वडिलांचा होता आणि पक्ष त्यांचा आहे.

हेमा म्हणाली, तुमचे वडील आले तर आधी नातीला लॅपटॉप घेऊन द्या म्हणतील. मी म्हटलं, ते येईपर्यंत थांबू. हे वाक्य मला चांगलं जमलं असं वाटलं. ती हसली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तेजू हल्ली कॉलेजातून परस्पर नम्रताच्या खोलीवर जाते. तिथे तिच्या लॅपटॉपवर आळीपाळीनं काम करतात म्हणे. घरी येते ती जेवायला.

नोंदी मात्र मी सोडलेल्या नाहीत. या आठवड्याची सरासरी ०.०९. गेल्या महिन्याच्या एक चतुर्थांशही नाही. वापर झपाट्यानं घटतोय, म्हणजे गरज कमी होतेय. थांबलो ते किती योग्य झालं! घाई केली असती तर आज आठ जीबी अंगावर पडली असती.

२५ सप्टेंबर, गुरुवार. घटस्थापना

पितृपक्ष संपला. आज घ्यायला हरकत नव्हती. पण आठवड्यावर दसरा आलाय. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. सोडणं बरं दिसत नाही.

तेजूला म्हटलं, दसऱ्याला नक्की. ती म्हणाली, बाबा, तेरा तारखेला ज्यूरी आहे. मी म्हटलं, दसरा तीनला आहे, दहा दिवस हातात. ती बरं म्हणाली. गुणी मुलगी आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा. संध्याकाळी ५

घेतला!

तेजू यायचं म्हणत होती, नेलं नाही. वापरणाऱ्याला खरेदीत आणायचं नसतं. मशीन शॉपचे फोरमन गोडाउनमध्ये आले की हमखास गोंधळ व्हायचा. शिवाय मला तिला चकित करायचं होतं.

दोन जीबी. रंग चंदेरी. वजनाला हलका. श्यामराव म्हणाले, मुलगी काय शिकते? आर्किटेक्चर सांगितल्यावर म्हणाले, मग हा नका घेऊ. यात रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, पुढे वाढवता येत नाही. मी विकणारा असून सांगतोय.

विकणारा 'नका घेऊ' म्हणतो, म्हणजे महागडा गळ्यात मारायचाय. मी अहवाल पुढे केला. त्यांनी पहिलं पान पूर्ण वाचलं. परत देताना म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं.

घरी आणून पाटावर ठेवला, झेंडूचा हार, हळदकुंकू. हेमानं ओवाळलं. तेजूनं झाकण उघडलं, खालचं स्टिकर वाचलं. मग म्हणाली, छान आहे बाबा, किती हलका आहे. आणि वाकून नमस्कार केला.

मला भरून आलं. खरं सांगायचं तर पहिला पगार घरी आणला होता त्या दिवसानंतर इतकं भारी वाटलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

तिचं सॉफ्टवेअर टाकलं. उघडायला अकरा मिनिटं. नवं यंत्र आहे, सुरुवातीला जड जायचंच.

नम्रताकडचं काम तिनं पेनड्राइव्हवर आणलंय. आता घरीच बसून करणार. मी दार लोटून घेतलं आणि शेजारच्यांना टीव्ही हळू लावायला सांगितलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

इमारत पडद्यावर फिरवायची असली की ती बटण दाबते आणि पोहे खायला येते. पोहे संपेपर्यंत इमारत पाव फिरलेली असते. मी तिला म्हटलं, यात फायदाच आहे. जुने ड्राफ्ट्समन आधी विचार करायचे आणि मग रेघ मारायचे. तुला विचार करायला वेळ मिळतोय. ती म्हणाली, हो बाबा.

साईनाथला फोन केला, विंडोज हलकं करायच्या युक्त्या विचारल्या. तो म्हणाला, भाऊजी, कोणता घेतलात? सांगितलं. पलीकडून आवाज येईना. रेंज नसावी. हिंजवडीत एवढ्या कंपन्या आल्या, पण टॉवर बसवायला कुणाला सुचलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार. रात्री ९

आज सेव्ह करताना लॅपटॉप बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर फाइल उघडेना. शनिवारपासूनचं सगळं काम गेलं.

मी म्हटलं, विजेचा दाब कमी-जास्त झाला असेल. म्हटलं, तक्रार नोंदवू. रडली असती तर मी काहीतरी बोलू शकलो असतो. तिनं वायर गुंडाळली, लॅपटॉप खोक्यात ठेवला, खोक्याला चिकटपट्टीसुद्धा लावली. मग आईला म्हणाली, मी तेरापर्यंत नम्रताकडे राहते.

हेमानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, गेले चार दिवस ती त्याच्यावर कशासाठी बसली होती माहिती आहे? नम्रताकडे झालं असतं की काम. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बसली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उपाय : रॅम वाढवून घेणे. सकाळी दहाला टिळक रोड. श्यामरावांनी मला ओळखलं. म्हटलं, दोनाची आठ करून द्या, किंमत काय ते सांगा. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, साहेब, दसऱ्याच्या दिवशी मी काय सांगितलं होतं? मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, मग रॅम तुमचीच वाढवायला हवी.

दुकानात दोन कॉलेजची पोरं होती. ती हसली. परत घेत नाही म्हणाले, कारण झाकणावर हळदकुंकवाचा डाग आहे.

घरी आलो. आजची नोंद केली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

तेजूसाठी डबा घेऊन सदाशिव पेठेत गेलो. हेमा म्हणाली होती, मी जाते. मी म्हटलं, मलाही पाय मोकळे करायचेत. बिबवेवाडीहून बसनं गेलो.

तिसऱ्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. दोन गाद्या, एक टेबल, त्यावर नम्रताचा लॅपटॉप. दोघींनी वेळ वाटून घेतलेली. नम्रताची पाळी असली की तेजू जमिनीवर बसून पुठ्ठा कापते. मी गेलो तेव्हा तेजूची पाळी होती. तिनं मान वर केली नाही. इमारत पडद्यावर नुसती गरगर फिरत होती. मला वाटलं होतं तशी ती साधी चौकट नव्हती. मधोमध मोठा चौक, त्यात झाड, वर गच्चीला जाळी, आणि जाळीतून ऊन आत पडलेलं. माझ्या मुलीनं हे केलंय, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. दोन महिने तिच्या मागे वाकून उभा होतो, पण बघत होतो ते कोपऱ्यातल्या आकड्याकडे.

नम्रतानं चहा केला. तिला विचारलं, तुमच्या घरी हा लॅपटॉप कुणी ठरवला. म्हणाली, बाबांनी. वडील ज्ञानदेव, दिग्रस डेपोत एसटीचे ड्रायव्हर. मी विचारलं, त्यांना यातलं कळतं? ती म्हणाली, नाई ना काका, त्यांना मोबाइलवर मेसेज वाचता येत नाही. त्यांनी फोनवर एकच विचारलं, कॉलेज किती सांगून राहिलं? मी म्हटलं, आठ. मंग आठच घे, म्हणाले.

मी म्हटलं, बस? चौकशी नाही, तुलना नाही? ती म्हणाली, कायची तुलना काका, मलाच लागते तर मलाच माहीत ना.

चहा चांगला होता. परत येताना बस चुकवली आणि चालत निघालो. स्वारगेटपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, रिकामा डबा तिथेच राहिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल ऐकलेलं हेमाला सांगितलं. सांगायचा हेतू असा की पाहा, लोक किती बेफिकीर असतात. ती तांदूळ धूत होती. म्हणाली, तुम्हाला एक सांगू? कारखान्यातले लोक चाळीस लिहायचे, कारण त्यांना वीस हवी असायची. तेजूला कधी दुप्पट मागता आलंच नाही. तिला दोन वह्या हव्या असल्या की ती दोनच म्हणायची. सहलीला जाताना शंभर लागणार असतील तर शंभरच मागायची. म्हणून तिला दर वेळी निम्मंच मिळालं.

मी म्हटलं, तिनं तसं कधी सांगितलं नाही. हेमा म्हणाली, तेच तर म्हणतेय.

ही नोंद खोडायची होती, पण पेनानं लिहिली आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७

ज्यूरी झाली. तेजू पास! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौकाचं कौतुक केलं, ते झाड तिथे ठेवल्याबद्दल विशेष. दारातून आत आल्या आल्या तिनं आईला मिठी मारली. मला पेढा दिला.

मी लगेच संकल्प जाहीर केला. पाडव्याला दुसरा लॅपटॉप. आठ जीबी. वाटलं तर सोळा. एका दिवसात निर्णय, अहवाल वगैरे काही नाही, तूच चल, तू म्हणशील तो. बोलताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण हेमा बाहेर आली.

तेजू म्हणाली, राहू दे बाबा, आता नको. नम्रताला आणि तिला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात संध्याकाळचं ड्रॉइंगचं काम मिळालंय. तिथली मशीन वापरायला देतात, स्वतःचं कामही करू देतात. मी विचारलं, किती रॅम आहे त्यांच्याकडे? म्हणाली, विचारलं नाही, चालतं व्यवस्थित. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्ही आणलाय तो आईला रेसिपी बघायला होईल. तुम्ही आता त्रास नका घेऊ.

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी प्रेमानं म्हणाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घरात बोलणं चाललंय, उन्हाळ्यापासूनच्या ट्रेनिंगचं. तेजूला दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक अहमदाबाद, एक बंगलोर. आठवड्याच्या आत कळवायचंय. मोठा निर्णय आहे. सहा महिने घराबाहेर.

यात मात्र मी मदत करू शकतो. यात जीबी वगैरे काही नाही, अनुभवाचा प्रश्न आहे. बंगलोरला मी १९९६ साली खरेदीसाठी तीन दिवस गेलो होतो. अहमदाबादच्या दोन पुरवठादारांशी माझा पत्रव्यवहार होता.

संकल्प : आपणहून काही बोलायचं नाही. कापाकापी नाही, निम्मं नाही. तिनं विचारलं की तिला काय वाटतं ते आधी ऐकायचं. पूर्ण ऐकायचं. मग सांगायचं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं नाही. कामात असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी मुद्दाम हॉलमध्ये बसलो. टीव्ही बंद ठेवला. ती दोनदा समोरून गेली. दुसऱ्या वेळी थांबली. मी सरसावून बसलो. तिनं विचारलं, बाबा, रिमोटवर बसलायत का?

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.२०

तेजू गॅलरीत फोनवर बोलत होती. मी आत झाडांना पाणी घालायची झारी भरत होतो. ऐकायचं नव्हतं, पण आवाज येत होता. आधी वाटलं नम्रताशी बोलतेय. मग ती म्हणाली, ज्ञानदेवकाका, तुम्हाला एक विचारायचं होतं. म्हणजे नम्रताचे वडील; खोलीवर राहताना फोनवर ओळख झाली असावी.

दोन्ही ठिकाणांबद्दल तिनं सगळं सांगितलं. अहमदाबादला काम काय, बंगलोरला काय, राहायची सोय कुठे कशी, भीती कसली वाटते. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. चांगली दहा मिनिटं बोलली. पलीकडे तो माणूस दिग्रसच्या डेपोत उभा असेल, आणि त्यानं अहमदाबाद पाहिलेलं नसेल, बंगलोरही नसेल.

शेवटी ती म्हणाली, काका, तुम्ही सांगा ना, मी काय करू.

त्यानं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. फार काही बोलला नसावा, कारण लगेच ती हसली आणि म्हणाली, हो काका, मलाही तेच वाटत होतं.

झारी भरून वाहत होती. नळ बंद केला.